धोंडूशेटचा धोंडा

फार पूर्वी, गलबतं वाऱ्यावर चालायची आणि बातम्या तोंडावर, त्या काळची ही गोष्ट. एका खाडीच्या मुखाशी एक लहानसं बंदर होतं आणि त्या बंदरात धोंडूशेट नावाचा नारळाचा व्यापारी राहत होता.

माणूस मनाने चांगला. कुणाचं बारसं असो की मयत, धोंडूशेट आधी हजर. खोड त्याच्यात एकच होती. कानातून आत गेलेली गोष्ट त्याच्या तोंडातून बाहेर येईपर्यंत चांगलं बाळसं धरायची. शेजाऱ्याला विंचू चावला तर धोंडूशेटच्या तोंडी त्याचा नाग व्हायचा, आणि संध्याकाळपर्यंत त्या नागाला फणाही एक पुरायचा नाही.

"अहो, जरा कमी सांगत जा," त्याची बायको भागीरथी म्हणायची.

"कमीच सांगतो गं," धोंडूशेट म्हणायचा. "सगळं सांगितलं तर लोकांना झोप लागायची नाही."

त्याच बंदरात धक्क्याजवळच्या घरात एक म्हातारे नकाशेनवीस राहायचे. समुद्राचे नकाशे काढणं हे त्यांचं काम. कुठे पाणी खोल, कुठे उथळ, कुठे खडक, कुठली टेकडी समोर धरून गलबत आत आणायचं, हे सगळं ते कागदावर उतरवायचे. त्या कागदाच्या नकला दूरदूरच्या बंदरांना जायच्या आणि परके नाखवे त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवून आपली गलबतं आत आणायचे.

पण समुद्र काही कागदाचं ऐकत नाही. एका पावसाळ्यात वाळू इकडची तिकडे होते. खूण म्हणून धरलेलं झाड वादळात पडतं. वाट दाखवायला बांधलेलं पिंप दोर तोडून भलतीकडेच जाऊन बसतं. एकटे नकाशेनवीस कुठे कुठे बघणार? म्हणून त्यांनी गावात दवंडी पिटवली.

"ऐका हो ऐका! समुद्रात किंवा किनाऱ्यावर नकाशापेक्षा वेगळं काही दिसलं, तर ज्याला दिसलं त्याने येऊन सांगावं! काय पाहिलं, कुठून पाहिलं, तेव्हा भरती होती की ओहोटी, ते सांगावं! जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही म्हणून सांगावं हो!"

शेवटचं वाक्य धोंडूशेटने ऐकलंच नाही. पहिलं ऐकूनच त्याचा आनंद गगनात मावेना. आजवर त्याने लोकांना धरून धरून बातम्या ऐकवल्या होत्या. आता ऐकणारा स्वतः दवंडी पिटून बोलावत होता!

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो नकाशेनवीसांच्या दारात उभा राहिला.

"नवीसकाका, खाडीत देवमासा शिरलाय. देवळाएवढा!"

"तुम्ही पाहिलात?"

"माझ्या मेहुण्याने... म्हणजे मेहुण्याच्या शेजाऱ्याने पाहिला."

"मग त्या शेजाऱ्यालाच पाठवा," असं म्हणून नकाशेनवीस पुन्हा कागदावर वाकले.

चार दिवसांनी धोंडूशेट धापा टाकत आला. "टेकडीवरची ताडाची झाडं पडली!"

"कोणती?"

"सगळी!"

म्हातारे नकाशेनवीस काठी टेकत टेकडी चढले. एक ताड जरासा वाकला होता. बाकीचे ताड ताठ उभे राहून त्यांच्याकडे पाहत होते.

तरी नकाशेनवीस रागावले नाहीत. त्यांनी धोंडूशेटला जवळ बसवलं आणि दोन दौती दाखवल्या. "हे बघा शेट. ही निळी शाई. नुसतं लांबून दिसलेलं, ऐकलेलं, शंका असलेलं मी निळ्याने दाखवतो. निळं दिसलं की नाखवा सावध होतो, थांबतो, पाणी मोजतो. आणि ही काळी. जवळ जाऊन खात्री केलेलं काळ्याने. काळं दिसलं की नाखवा वाद घालत नाही. तुम्ही निळ्याचं सांगा, मला चालेल. पण निळं असेल तर निळंच सांगा."

धोंडूशेटने मान डोलावली. पण त्याच्या मनात एकच गोष्ट राहिली. आपली बातमी काळ्या शाईत गेली पाहिजे.

पावसाळा संपत आला होता. वरच्या गावात पूर येऊन गेला होता आणि खाडीचं पाणी गढूळ होतं. एके दिवशी धोंडूशेट ओटीवर सुपारी कातरत बसला असताना त्याला समोर खाडीच्या मुखात काहीतरी काळं दिसलं. अगदी मधल्या वाटेत, जिथून मोठी गलबतं आत यायची तिथे. काळं, ओलं, पाठ वर काढलेलं. त्यावर दोन शिंगांसारखं काहीतरी होतं आणि शिंगांवर एक पाणकावळा पंख पसरून बसला होता.

अडकित्ता तिथेच टाकून धोंडूशेट पळाला.

"नवीसकाका! खडक! मधल्या वाटेत! दोन शिंगांचा!"

नकाशेनवीस ताडकन उठले. "मधल्या वाटेत? तिथे तर कधीच खडक नव्हता. लांबून पाहिलात की जवळ गेला होतात?"

धोंडूशेटला खरं सांगता आलं असतं. "ओटीवरून पाहिला," एवढंच तर म्हणायचं होतं. पण नकाशेनवीसांचा हात निळ्या दौतीकडे जाताना त्याला दिसला आणि त्याचा जीव कळवळला.

"जवळ?" तो म्हणाला. "हात लावून आलो!"

नकाशेनवीसांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. त्यांची स्वतःची होडी डागडुजीसाठी किनाऱ्यावर उलटी पडली होती, तळाला डांबर लावायचं होतं. ती पाण्यात जायला अजून वेळ होता. त्यांनी क्षणभर विचार केला.

"नसलेला खडक दाखवला तर गलबताला वळसा पडतो," ते जणू स्वतःशीच बोलले. "असलेला दाखवला नाही तर गलबत फुटतं. हात लावलात म्हणता, तर मग काळाच."

आणि त्यांनी मधल्या वाटेत काळ्या शाईने फुली मारली. खडकाला काहीतरी नाव हवं, म्हणून शेजारी लिहिलं, 'धोंडूशेटचा धोंडा'.

त्या दिवसापासून धोंडूशेटचे पाय जमिनीला लागेनात. गावाने देवळात त्याचा सत्कार केला. त्याला मानाचा नारळ मिळाला. तो नारळ त्याच्याच दुकानातून आणलेला होता, पण मान तो मान! आणि गंमत अशी, की धोंडा प्रसिद्ध झाल्यावर तो दिसलेली माणसंही वाढत गेली. हरबा कोळी म्हणाला, "माझं वल्हं आपटलं ना त्याच्यावर! टवका उडाला!" एक बाई म्हणाली, तिच्या दिराने त्यावरची कालवं काढली. कालवं गोड होती म्हणे. पुढे धोंडा पाण्यावर दिसेना, तर लोक म्हणाले, पाण्याखाली गेला असेल.

नकला दूरच्या बंदरांना गेल्या. मोठी गलबतं मधली वाट सोडून कडेच्या वाटेने येऊ लागली. ती वाट अरुंद आणि उथळ. भरपूर भरती असेल तेव्हाच तिथे गलबत शिरायचं, नाहीतर बाहेर नांगर टाकून ताटकळत बसायचं.

मग एकदा धोंडूशेटची म्हैस हरवली. शोधत शोधत तो नारळीच्या बागेमागच्या ओहोळाशी आला, तर म्हैस तिथेच होती. भरतीने तिथे आणून टाकलेली एक भली मोठी गवताची गंजी ती निवांत चघळत होती. गंजी पावसाने आणि खाऱ्या पाण्याने काळी पडली होती. तिच्या मधोमध खुंट होता आणि खुंटाला वर दोन फांद्या फुटल्या होत्या. शिंगांसारख्या.

धोंडूशेट मटकन वाळूत बसला. पुरात वाहून आलेली गंजी! त्याचा धोंडा म्हशीने निम्मा खाल्ला होता.

घरी येऊन त्याने भागीरथीला सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली. मग हसू थांबवून म्हणाली, "जा, नवीसकाकांना सांगून या."

"आता कसं सांगू? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, म्हशीने धोंडा खाल्ला. हसतील. हसण्याने कोण मेलंय?"

"तूच सांगून ये ना."

"मी सांगितलं तर तुमची अब्रू जाईल. तुम्ही सांगितलं तर थोडी तरी उरेल."

"उद्या जातो," धोंडूशेट म्हणाला.

पण उद्या दुकानात माल आला. परवा डोकं दुखलं. त्यानंतर नकाशेनवीस स्वतःच बाजारात दिसले, पण तेव्हा नेमकी चार माणसं आजूबाजूला होती. असे उद्या येत राहिले आणि जात राहिले. रात्री मात्र धोंडूशेटला डोळे मिटले की ती म्हैस दिसायची. ती रवंथ करत त्याच्याकडे बघायची.

धोंडूशेटला एकच मुलगी होती, शेवंती. दूरच्या बंदरात दिलेली. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती. भागीरथीने डिंकाचे लाडू केले, दुपटी शिवली, गोदाक्का सुईणीला सांगून ठेवलं.

एका दुपारी खाडीबाहेर गलबताचं शीड दिसलं. सगळं घर धक्क्यावर धावलं. पण गलबत आत येईना. बाहेरच नांगर टाकून लाटांवर हेलकावे खात उभं राहिलं. थोड्या वेळाने हरबा कोळी आपली होडी वल्हवत परत आला आणि लांबूनच ओरडला, "शेट! शेवंतीच्या पोटात कळा सुरू झाल्यात!"

"मग गलबत आत का आणत नाहीत?" भागीरथी ओरडली.

"ओहोटी लागलीय. कडेच्या वाटेला पाणी नाही. नाखवा म्हणतो, रात्रीच्या भरतीशिवाय यायचं नाही."

"आणि मधली वाट?"

हरबाने धोंडूशेटकडे पाहिलं. "मधल्या वाटेत धोंडा आहे ना!"

भागीरथी गोदाक्काकडे वळली. "गोदाक्का, होडीतून गलबतावर जाशील का गं?"

गोदाक्का चांगली भरल्या अंगाची आणि तितक्याच भरल्या आवाजाची बाई होती. "मी? त्या दोराच्या शिडीवरून? मला चढवायला चार माणसं लागतील आणि पडले तर काढायला आठ! पोरीला इथे आणा. बाकीचं माझ्यावर सोडा."

पण कळा देणाऱ्या शेवंतीला हलत्या शिडीवरून होडीत कोण उतरवणार? भागीरथीने नवऱ्याकडे पाहिलं.  

तो वळला आणि धावत नकाशेनवीसांच्या घरात शिरला.

"नवीसकाका, धोंडा नाही!"

"नाही? मग गेला कुठे?"

"म्हशीने खाल्ला."

नकाशेनवीसांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "खाताना तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं. स्वतःच्या डोळ्यांनी. गवताची गंजी होती ती, काका. मी ओटीवरून पाहिली होती. हात नव्हता लावला." त्याने समुद्राकडे हात केला. "माझी पोर बाहेर अडकलीय. पुसा ती फुली! आत्ताच्या आत्ता पुसा!"

नकाशेनवीस रागावले असते तर बरं वाटलं असतं. पण ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही आहे म्हणालात म्हणून मी एकदा काळी फुली मारली. आता नाही म्हणता म्हणून नुसती पुसू? गंजी वाहून गेली हे कळलं. खाली काय आहे, ते कुठे कळलंय? चला, पाणी मोजू."

त्यांनी खुंटीवरून टोकाला शिशाचा गोळा बांधलेली लांब दोरी काढली. दोरीला दर वावाला, म्हणजे दोन्ही हात पसरून भरेल तेवढ्या अंतरावर, एकेक गाठ होती. हरबाची होडी तयारच होती. हरबा मात्र तयार नव्हता.

"धोंड्यावर होडी फुटेल, नवीसकाका."

"तुझं वल्हं जिथे आपटलं होतं, ती जागा टाळून चल."

हरबाने मान खाली घातली. "खरं सांगू? आपटलं नव्हतं."

"मग वल्हव!" धोंडूशेट ओरडला.

मधल्या वाटेच्या तोंडाशी होडी आली. तिथून गलबत हाकेच्या अंतरावर होतं. गलबताच्या कठड्याशी नाखवा उभा होता, हातात नकाशा.

"नाखवा!" धोंडूशेटने हाक मारली. "आत या! इथे धोंडा नाही!"

"तुम्ही कोण?"

"मी धोंडूशेट! धोंडा माझाच आहे! म्हणजे, जो नाहीच आहे तो धोंडा माझा!"

नाखव्याने नकाशाकडे पाहिलं, मग होडीतल्या माणसाकडे. "इथे काळ्या शाईत लिहिलंय, आहे. माझ्या गलबतात तीस माणसं आहेत. तुमच्या ओरडण्यावर मी ती वाटेत घालू?"

गलबतातून शेवंतीच्या कण्हण्याचा आवाज आला. धोंडूशेटने दोरी हातात घेतली.

नकाशेनवीस होडी सरळ रेषेत नेत होते आणि धोंडूशेट गोळा टाकत होता. पहिल्यांदा गोळा तळाला टेकला तेव्हा त्याने सवयीने आरोळी ठोकली, "पंचवीस वाव!"

नकाशेनवीसांनी नुसतं त्याच्या हातातल्या दोरीकडे पाहिलं. धोंडूशेटने गाठी मोजल्या.

"पाच," तो म्हणाला.

"ओरडून सांगा."

"पाच वाव!" 

"मला दोन पुरतात," नाखवा उत्तरला. "पुढे चला."

पाच. साडेचार. पाच. होडी फुली मारलेल्या जागी आली. धोंडूशेटने श्वास रोखून गोळा सोडला. दोरी सरसर गेली. पाच! धोंडा नव्हता, कधीच नव्हता. त्याला मोठ्याने हसावंसं वाटलं आणि रडावंसंही.

अजून दोनदा पाच आलं. मग, वाटेच्या डाव्या अंगाला, दोरी मध्येच सैल पडली. धोंडूशेटने ती ओढून पुन्हा टाकली. पुन्हा तेच. दीड वाव. गोळ्याला वाळू चिकटली होती. पुराने इथे नवा उंचवटा आणून टाकला होता आणि तो आजवर कुणालाच दिसला नव्हता.

नकाशेनवीसांची पाठ त्याच्याकडे होती. हरबा वल्हं मारत होता. गाठ फक्त धोंडूशेटने पाहिली होती. दीड म्हटलं तर नाखवा घाबरून आत येणारच नाही. पाच म्हटलं तर गलबत सुटेल. उंचवटा तर कडेलाच आहे. गलबत कशाला तिथे जाईल? आणि गेलं तर?

बाहेरून शेवंतीने हाक मारली, "बाबा!"

आयुष्यभर धोंडूशेटने छोट्या गोष्टी मोठ्या केल्या होत्या. एक मोठी गोष्ट आहे तेवढीच सांगायला त्याला एवढं बळ लागेल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

"दीड वाव!" तो ओरडला. त्याचा आवाज फाटला. "डाव्या अंगाला! वाळू आहे! इथे येऊ नका!"

नकाशेनवीस चटकन वळले.  मग नाखव्याने नकाशा गुंडाळून कमरेला खोचला.

"नांगर उचला रे!" तो खलाशांना म्हणाला. "स्वतःची पोर गलबतात असताना जो माणूस उथळ पाणी उथळ म्हणून सांगतो, त्याचं खोल पाणी खोलच असणार. शेट, तुमची होडी त्या वाळूवरच उभी करा. मी तुम्हाला डाव्या हाताला ठेवून येतो."

हरबाने होडी तिथेच धरून ठेवली. धोंडूशेट तिच्यात उभा राहिला, डोक्यावरचं पागोटं सोडून हवेत हलवत. शिडं भरली. गलबत त्याच्या अंगावरून जाईल की काय असं वाटण्याइतकं जवळून आत आलं, आणि अलगद धक्क्याला लागलं.

घरापर्यंत जायला वेळ नव्हता. धक्क्याजवळचं घर नकाशेनवीसांचं. गोदाक्काने दार ढकललं, मोठ्या मेजावरचे नकाशे दोन्ही हातांनी बाजूला सारले आणि सगळ्या पुरुषांना बाहेर काढलं. नकाशेनवीसांनाही.

"अहो, पण माझे कागद..."

"तुमच्या कागदावर पोर जन्माला येत नाही. पाणी तापवायला सांगा!"

दोघे पायरीवर बसून राहिले. थोड्या वेळाने धोंडूशेट म्हणाला, "त्या वाळूच्या उंचवट्याचं कसं करणार?"

"काळ्या शाईने दाखवणार. दीड वाव, वाळू, डाव्या अंगाला." नकाशेनवीसांनी त्याच्याकडे पाहिलं. "नाव काय देऊ?"

"नाव कशाला?" धोंडूशेट म्हणाला. "आणि आज ओहोटी होती, तेही लिहा. भरतीला जास्त पाणी असेल. किती, ते मला ठाऊक नाही. मोजून सांगेन."

नकाशेनवीसांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात आतून टाहो ऐकू आला. लहानसा, पण खणखणीत. एव्हाना निम्मं गाव अंगणात जमलं होतं. सगळे धोंडूशेटभोवती गोळा झाले. आता काय काय ऐकायला मिळणार, म्हणून पोरं पुढे सरकली. म्हाताऱ्यांनी नीट ऐकू यावं म्हणून कानामागे हात धरले.

"काय झालं शेट, मुलगा की मुलगी?"

"ठाऊक नाही."

"कुणासारखं आहे?"

"मी अजून पाहिलं नाही."

"अहो, निदान बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना?"

धोंडूशेटने बंद दाराकडे पाहिलं. आतून पुन्हा रडणं ऐकू आलं, आणि त्यापाठोपाठ शेवंतीचं हसणं.

"बाळ रडलं, ते मी ऐकलं. शेवंती हसली, तेही ऐकलं," तो डोळे पुसत म्हणाला. "बाकीचं गोदाक्का बाहेर आली की ती सांगेल."

गाव चाट पडलं. हरबा कोळी हळूच म्हणाला, "शेटची तब्येत बरी नाही वाटतं."

तात्पर्य हेच, की पाहिलं तेवढंच सांगावं. सांगताना चूक झाली असेल, तर ती आपणच पहिल्यांदा जाऊन दुरुस्त करावी. कारण आपल्या शब्दावर भरवसा ठेवून कुणीतरी आपलं गलबत हाकत असतं.